हजाराव्या इंजिनाची पाठवणी

"मेस्त्री, आज तेवढा खडा चावू नका," शांतिनाथ मला म्हणाला. "सांगलीहून फोटोग्राफर आलाय. हा फोटो वर्तमानपत्रात जायचाय."

मी म्हटलं, "चावतो कशाला, आज गिळूनच टाकतो."

फिटर मंडळी हसली. शांतिनाथ हसला नाही. तो आण्णांचा थोरला मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकून सहाच महिन्यांपूर्वी परत आला होता, आणि शिकून आलेला माणूस पहिलं वर्षभर हसत नाही असा माझा अनुभव आहे.

या खड्याचं आधी सांगायला पाहिजे. कृष्णेच्या काठी, मिरजेपासून दहा मैलांवर, आण्णा मगदुमांचा ऐरावत इंजिन कारखाना होता. शेतकऱ्याच्या विहिरीवर बसणारी, धक धक करत पाणी ओढणारी डिझेल इंजिनं तिथं तयार व्हायची. मी पहिल्या दिवसापासून टेस्टिंगला. चालू इंजिनात कुठं खोट असली, बेअरिंग ढिलं असलं, बोल्ट सैल असला, की माझ्या कानाला कळायचं आणि कानाच्याही आधी तोंडाला कळायचं. भात खाताना दाताखाली खडा आल्यावर माणसाचं जसं तोंड होतं, तसं माझं व्हायचं. मला स्वतःला पत्ता नसायचा. रस्त्यानं एखादी खटारा मोटार गेली तरी व्हायचं. बायको म्हणायची, लोकांना वाटतं तुम्ही माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवत हिंडताय.

हे सोडलं तर माझ्या तोंडावर कुणी विश्वास ठेवत नसे, आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. इंजिन बघायला गावोगावचे शेतकरी यायचे, झाडाखाली चहा पीत बसायचे. त्यांच्याशी नुसतं खरं बोलत बसायचं म्हणजे चहाचा अपमान. मी त्यांना सांगायचो की आमचं एक इंजिन डिझेल संपल्यावर नुसत्या लाजेखातर आणखी अर्धा तास चालतं. दुसरं एक मालक वारला तेव्हा तेरा दिवस सुरूच झालं नाही, चौदाव्या दिवशी हात लावायचा अवकाश, लागलं कामाला. सुतक पाळलं म्हणे. शेतकरी पोट धरून हसायचे आणि जाताना इंजिन सांगून जायचे.

आण्णांना हे माहीत होतं. ते मला कधी आडवे आले नाहीत. स्वतः मात्र फार कमी बोलायचे. मराठी सातवीनंतर त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. एका इनामदाराच्या विहिरीवरचं बंद पडलेलं विलायती इंजिन त्यांनी सोळाव्या वर्षी खोलून परत जोडलं, तिथून पुढं सहा वर्षं मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि गावी येऊन गुळाच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये स्वतःचं इंजिन ओतलं. पुढं त्यांनी पुष्कळ शोध लावले, पण नाव झालं ते एका हँडलमुळं. त्या काळी इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं की माणसाचं मनगट मोडायचं. आण्णांच्या धाकट्या भावाचं असंच मोडलं होतं. आण्णांनी असं हँडल काढलं की इंजिन उलटं फिरायला लागलं तर ते आपोआप सुटून हातात यायचं. ऐरावतनं कुणाचा हात मोडला असं कुणी सांगून दाखवावं, असं ते म्हणायचे. तेवढी एकच फुशारकी मी त्यांच्या तोंडून ऐकली.

कारखान्यात एक रिवाज होता. इंजिन म्हणजे लेक, आणि गिऱ्हाईक म्हणजे तिचं सासर. कुठलंही इंजिन चार तास चालवून बघितल्याशिवाय जायचं नाही. मग आण्णा यायचे. बाकीची सगळी यंत्रं बंद करायची. कारखाना असा गप्प व्हायचा की नदीवरच्या टिटव्या ऐकू याव्यात. आण्णा सागवानाची एक हातभर काठी घ्यायचे, तिचं एक टोक चालत्या इंजिनाच्या अंगाला टेकवायचे, दुसरं कानाशी, आणि ऐकत राहायचे. पसंत पडलं की काठी बाजूला ठेवून म्हणायचे, "जा बाई, नांद." मग त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, इंजिनाची खणानारळानं ओटी भरायच्या. दुरुस्तीला आलेल्या इंजिनाला आम्ही माहेरपणाला आलंय म्हणायचो.

हजाराव्या इंजिनाच्या पाच-एक वर्षं आधी आण्णांना कानांनी कमी ऐकू यायला लागलं. आयुष्यभर इंजिनाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? बाहेर फारसं कुणाला कळलं नाही, कारण मालक लोक तसेही कुणाचं ऐकत नाहीत. एक दिवस त्यांनी काठीचं टोक कानाला न लावता दातात धरलं. मला म्हणाले, "हाडातून जास्त स्वच्छ येतंय रे." आणि खरंच, त्या दिवशी त्यांनी काठी चावून अशी खोट काढली की मी तोंडात बोट घातलं.

मला हे आयतंच सापडलं. त्याच संध्याकाळी झाडाखाली मी सांगितलं की आमचे आण्णा आता दातानं ऐकतात. परवा एका इंजिनाला काठी लावली आणि म्हणाले, हे लोखंड ज्या डोंगरातलं आहे तिथं एक वाघीण व्यालेली आहे. चौकशी केली तर पिल्लं दोन निघाली. महिन्याभरात ही गोष्ट विजापूरपर्यंत गेली. दुसऱ्याच्या कारखान्याचं इंजिन घ्यायला निघालेला माणूस विचारायला लागला, तिथं दातानं ऐकून देतात का? लोक गाड्या करून नुसतं बघायला यायचे. मीही इतक्या वेळा सांगितलं की वाघीण वगळता बाकीचं मलाच खरं वाटायला लागलं.

पुढं आण्णांनी एक बदल केला. मी पूर्वी त्यांच्या पाठीमागं उभा राहायचो. त्यांनी मला इंजिनाच्या पलीकडं, खिडकीजवळ उभं राहायला सांगितलं. म्हणाले, "तिथं उजेड बरा आहे." मी म्हटलं, मालकांची मर्जी.

तर चौसष्ट सालचा तो दिवस. हजारावं इंजिन. ते विकायचं नव्हतं. आण्णांनी ते रावजी खोतांना द्यायचं ठरवलं होतं. रावजींनी पहिल्या नंबरचं इंजिन घेतलं होतं. तेव्हा गाव म्हणायचं, मगदुमाच्या पोराची ही किटली फुटणार आणि चार माणसं मारणार. रावजींनी खोंडांची जोडी विकली आणि ती किटली नेली. दुसऱ्या दिवसापासून गावानं हसणं बंद केलं. फुकट न्यायला म्हातारा तयार नव्हता, म्हणून येताना गुळाच्या चार ढेपा आणि नवा फेटा घेऊन आला होता. लेकीला रिकाम्या हातानं नेत नाहीत, म्हणाला.

टेस्टिंगच्या शेडला लागून घातलेला मंडप भरला होता. विक्रेते, मामलेदार, रावजींची भावकी. इंजिनाला झेंडूचा हार. चार तास ते चांगलं चाललं होतं, माझ्या समोर. यंत्रं बंद झाली. टिटव्या ऐकू आल्या. आण्णांनी काठी टेकवली, दुसरं टोक दातात धरलं. मी नेहमीसारखा इंजिनाच्या पलीकडं, त्यांच्या समोर. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला आणि आतून ओरडला, कुणी हलू नका.

तेव्हाच मला ते ऐकू आलं. धक, धक, धक, आणि मध्येच एक कोरडा टक. पुन्हा दहा-बारा फेऱ्या काही नाही. पुन्हा टक. कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा, बोल्ट. सैल असावा, किंवा तडकलेला.

तोंड वाकडं व्हायला निघालं होतं, ते मला आतून कळलं. पहिल्यांदाच कळलं, कारण सकाळपासून मी त्याच्यावर राखण करत होतो. मी ते आवळून धरलं. मिशा नीट केलेल्या होत्या, कोट बायकोनं इस्त्री करून आणला होता. मनात म्हटलं, आण्णांचे दात तिथं आहेत, मी कशाला मध्ये? काठी खाली येईल, आण्णा हात वर करतील, इंजिन बंद होईल. बोल्ट बदलू. हार तसाच राहू दे.

झक्क उजेड पडला. फोटो निघाला.

आण्णांनी काठी काढली. म्हणाले, "जा बाई, नांद."

टाळ्या झाल्या. काकी ओटीचं ताट घेऊन पुढं आल्या. मी उभाच. आण्णांनी ऐकलं आणि पसंत केलं, म्हणजे मला जे ऐकू आलं ते काय? मी बेचाळीसचा झालो होतो. म्हटलं, कान गेले वाटतं आपलेही. ज्यानं वाघिणीची पिल्लं मोजली त्याला एक बोल्ट कळणार नाही? ती वाघीण मी रचलेली, पिल्लं माझी, आणि त्या क्षणाला मी माझ्याच थापेपुढं हात जोडून उभा राहिलो. रावजी खोतांनी जाताना मला गुळाचा खडा दिला. मी तो खाल्ला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी रावजींचा पुतण्या सायकलवरून आला. रॉड तुटला होता. इंजिनाची लोखंडी पेटी फोडून बाहेर आला होता. रावजी तेव्हा इंजिनाला हात लावून उभे होते.

शांतिनाथ, आण्णा आणि मी जीपनं मिरजेच्या दवाखान्यात गेलो. रावजींचा उजवा हात कोपराच्या वरून काढला होता. नवा फेटा उशाशी ठेवला होता. आम्हाला बघून म्हातारा उठायला गेला, एका बाजूला कलंडला, आणि आपल्यालाच हसला. अजून सवय न्हाई, म्हणाला.

आण्णा त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, अगदी जवळ, आणि तोंडाकडं बघत राहिले. मग विचारलं, "रावजी, आधी काही आवाज येत होता का?"

"येत हुता की. चार दिस येत हुता. टक टक."

"मग बंद का केलं नाहीस?"

रावजींना या प्रश्नाचं नवल वाटलं. "आवो, तुमी दातानं ऐकून धाडलेली पोर. तिच्यात खोट कशी असंल? मी म्हटलं, माझंच कान म्हातारं झालं. हात लावून बघावं म्हणून ग्येलो. कुठं हात लावावा ह्ये मला कळाय पायजे हुतं. चूक माझी, आण्णा. तुमी मनाला लावून घिऊ नका."

शांतिनाथ खिडकीबाहेर बघायला लागला. आण्णांनी रावजींचा डावा हात धरला.

"रावजी, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "कानानं नाही, दातानंही नाही. दोन वर्षं झाली. तुझं इंजिन मी ऐकलेलंच नाही."

म्हातारा त्यांच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं, मिशीत हसला आणि म्हणाला, "हरिबा, मालकाला बी लावलंस का रं तुझं वळण? माज्यापायी आण्णा थापा मारायला शिकलं." आणि आण्णांच्या हातावर थोपटत राहिला, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा. आण्णांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. रावजी मान डोलावत होते, की बरं, तुमी म्हणताय तर तसं. त्यांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं नाही.

परत येताना कृष्णेच्या पुलाअलीकडं आण्णांनी जीप थांबवायला लावली. खाली उतरले. शांतिनाथही उतरायला निघाला, त्याला हातानं बसवलं आणि मला बोलावलं. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. आण्णा जैन, सूर्य बुडायच्या आत जेवायचे, कधी चुकलं नव्हतं. काकींनी दिलेला डबा जीपमध्ये तसाच होता. मी आठवण केली. त्यांचं लक्ष नव्हतं.

"इकडं ये. तोंड उजेडाकडं कर," ते म्हणाले.

मी मावळतीकडं तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत ऊन जात होतं. ते माझ्या पुढ्यात, पाठीमागं नदी.

"त्या दिवशी तुला ऐकू आलं होतं?"

आयुष्यात मी हजार थापा मारल्या. तेव्हा एक मारली असती तर त्या माणसाला रात्री झोप लागली असती. पण उजेड सरळ तोंडावर होता.

"आलं होतं, आण्णा," मी म्हटलं.

"बोल्ट?"

"व्हय. रॉडचा."

ते मग हळू म्हणाले, "मग तुझं तोंड का बोललं नाही रे?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, फोटो होता, शांतिनाथनं सांगितलं होतं. तुम्ही ऐकत होतात, तुम्हाला कळणारच, मग मी कशाला...

"मी तुझं तोंड ऐकत होतो, हरिबा," आण्णा म्हणाले. "सुरुवातीला चार-सहा महिने हाडातून यायचं. मग तेही थांबलं, माणसांचं बोलणं तेवढं ओठांवरून कळतं. सांगणार होतो. पण तोवर तुझी ती वाघीण गावोगाव गेली होती. लोक गाड्या करून यायला लागले. म्हटलं, आता सांगितलं तर विकलेल्या सगळ्या इंजिनांवरून लोकांचा विश्वास उडेल. मग एक दिवस लक्षात आलं, की तुझं तोंड असताना मला कानाची गरज काय? तुला खिडकीपाशी उभं केलं. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही. तू जगाशी खोटं बोलतोस, पण इंजिनापुढं तुझं तोंड खोटं बोलत नव्हतं. त्या दिवशी बघितलं, तर साफ. मी आणखी थांबलो. आणखी बघितलं. साफ. म्हटलं, आजची लेक चांगली आहे."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी धरू दिले नाहीत.

"तू नको वाईट वाटून घेऊस. मी तुला कधी सांगितलंच नाही की मी बघतोय. सांगितलं असतं तर तू जपून तोंड केलं असतंस, आणि मग त्यात काही राम राहिला नसता." मग नदीकडं वळले. "हात जायला नको होता रे त्याचा. दुसरं काहीही चाललं असतं."

सूर्य बुडेपर्यंत ते तिथंच उभे होते. डबा तसाच परत गेला.

त्यानंतर आण्णा टेस्टिंगच्या शेडमध्ये आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सागवानी काठी माझ्याकडं पाठवून दिली, चिठ्ठी नाही, निरोप नाही. काकींनी ओटी भरणं सोडलं. शांतिनाथनं परदेशातून आवाज मोजायचं यंत्र आणवलं, ते चांगलं होतं, त्याला तोंड नव्हतं. कारखाना वाढला. आण्णा मागच्या खोलीत एकच काम करत बसायचे. खांद्यापासून हालवता येईल असा, हँडल फिरवू शकेल असा एक हात ते रावजींसाठी तयार करत होते. अकरा नमुने केले. प्रत्येक वेळी रावजी यायचे, तो लावून बघायचे, झकास झालाय म्हणायचे आणि जाताना काढून पिशवीत घालायचे. बारावा अर्धा असताना आण्णा गेले. अंत्ययात्रेत रावजी डाव्या हातानं खांदा द्यायला पुढं आले, तेव्हा त्यांच्या मागं मी खांदा लावला.

आता मी ब्याऐंशीचा आहे. लोक अजून गोष्टी ऐकायला येतात. डिझेलशिवाय चालणारं इंजिन, सुतक पाळणारं इंजिन, सगळं त्यांना खरं वाटावं अशा बेतानं सांगतो. ही एक गोष्ट मी चार-दोनदाच सांगितली. ऐकणारे म्हणतात, मेस्त्री, ही मात्र तुम्ही फार रचून सांगितलीत.

तो फोटो माझ्या घरी भिंतीवर आहे. वर्तमानपत्रात तो कधी गेला नाही. मंडपातली झाडून सगळी माणसं कॅमेऱ्याकडं बघताहेत. मामलेदार, विक्रेते, काकी, फेटा बांधलेले रावजी, दोन्ही हात जोडून. आण्णा डोळे मिटून ऐकायचे असं लोक अजून सांगतात. फोटोत त्यांचे डोळे उघडे आहेत आणि ते माझ्याकडं बघताहेत.

बायको म्हणते, तुमचा एवढा देखणा फोटो दुसरा नाही. मी रोज बघतो. खरंच आहे तिचं. तोंडावर कुठं म्हणून खडा नाही.